नाडा आणि दोरी

आपल्या मळ्यांतील भाजीपाल्यांतच ज्याला विठाई दिसली, त्या सांवता माळ्याचा सुप्रसिद्ध अभंग गेल्या वर्षीं वर्गांत शिकवीत असतां एक लहानसा प्रसंग घडला. अभंगांत मोटेचा उल्लेख आहे. मोट म्हणजे काय, असें आम्हीं सहज विचारलें. मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें तत्काळ उत्तर दिलें, "मोट म्हणजे मोटरच, सर. त्या काळचा उच्चार असेल." वर्ग हंसला. पुढच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, "नाहीं सर, मोट म्हणजे गांठोडें. वर्तमानपत्रांत येतें ना, विरोधकांची मोट बांधली म्हणून." या दुसऱ्या उत्तरास चूक म्हणतां येईना, कारण मोट शब्दाचा तोही अर्थ कोशांत आहे, फक्त तो येथें लागत नाहीं.

हंसणाऱ्यांस आम्हांला थांबवावें लागलें. पहिलें उत्तर देणारा मुलगा बागाईतदाराचा होता. पाणी किती फुटांवर लागेल, त्याला किती अश्वशक्तीचा पंप पुरेल, ठिबकाची नळी कोठें तुंबते, हें त्यास आमच्याहून शतपट अधिक ठाऊक. सांवत्याशीं त्याचें नातें आमच्या नात्याहून खचित जवळचें. दोघेही माळवें पिकविणारे आणि पाण्याची चिंता वाहणारे. मध्यें फक्त एक अवजार पुसलें गेलें आहे. त्याच्या आजोबांनीं मोट हांकली असेल, वडिलांनीं ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली पाहिली असेल, आणि त्याच्यापर्यंत येतां येतां तिचा नुसता ध्वनि उरला. त्या ध्वनीला त्यानें आपल्या ओळखीचें यंत्र जोडून दिलें. यांत हंसण्यासारखें तें काय?

आणि हंसावयाचेंच, तर आमच्यापासून आरंभ करावा लागेल. पंधराएक वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांकरितां संतकाव्याचे कांहीं वेंचे आम्हीं संपादित केले होते. त्यांत या अभंगाखालीं आमची टीप अशी होती : 'मोट : विहिरींतून पाणी काढण्याचें कातडी साधन. नाडा : जाड दोर.' टीप लिहितांना आम्हांस विशेष श्रम पडले नाहींत. कोश समोर होता, आणि आमच्या आधींच्या संपादकांनींही तसेंच लिहिलें होतें. पुस्तक निघाल्यावर वर्षभरानें एका खेड्यांतून एक कार्ड आलें. लिहिणारे गृहस्थ शाळेंतून निवृत्त झालेले आणि घरची शेती पाहणारे होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता कीं, नाडा म्हणजे जर दोर, तर त्याच चरणांत दोरी पुन्हां कशाला आली? सांवतोबा काय जागा भरीत होते?

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. नव्हतें म्हणण्यापेक्षां, हा प्रश्न आहे हेंच आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. पुढें सुटींत आम्ही त्या गृहस्थांकडे गेलों. त्यांनीं आम्हांस आपल्या विहिरीवर नेलें. मोट कधींच गेलेली. धांव बुजून तिच्यावर पंपाची खोली उभी राहिलेली. पण विहिरीच्या कांठावरील दगडी बांधकाम शाबूत होतें, आणि त्याच्या आधारें त्यांनीं हातवारे करीत सगळें यंत्र आम्हांपुढें उभें केलें.

मोटेला दोर दोन असतात. मोट ही कातड्याची मोठी पिशवी. तिला खालीं हत्तीच्या सोंडेसारखी लांब सोंड. पिशवीच्या तोंडाला बांधलेला जाड दोर विहिरीच्या माथ्यावरील उंच चाकावरून जातो, तो नाडा. सोंडेच्या टोंकाला बांधलेला बारीक दोर विहिरीच्या कांठालगतच्या, खालीं बसविलेल्या रहाटावरून जातो. त्याला सोंदूर म्हणतात. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धांवेच्या उताराने खालीं चालूं लागले कीं मोट वर येते. वर येतांना सोंदूर सोंडेचें टोंक वरच उचलून धरतो, म्हणून पाणी सांडत नाहीं. मोट कांठाशीं आली कीं नाडा तिला उंच चाकाकडे ओढतो, पण सोंदूर सोंडेला खालच्या रहाटावरून बाहेर खेंचतो. सोंड थारोळ्यांत पसरते आणि सगळें पाणी भडभडून रितें होतें, तेथून पाटानें वाफ्यांत जातें. कोणी हात लावावा लागत नाहीं. मोटकऱ्याचें कौशल्य बैलांना उलट्या पावलीं पुन्हां वर आणण्यांत आणि दोन्ही दोरांचें माप जुळलेलें राखण्यांत. सोंदूर वीतभर लांब झाला तर पाणी विहिरींतलें विहिरींत.

हें समजल्यावर तो अभंग आम्हांस निराळाच दिसूं लागला. नाडा आणि दोरी ही पुनरुक्ति नसून, आमच्या मतें, त्या एकाच यंत्राचे ते दोन दोर आहेत. दोरी म्हणजे वाफे आंखण्याची दोरी असा अर्थ कोणी काढील, तर आम्ही त्याच्याशीं भांडणार नाहीं. पण मोट, नाडा आणि विहीर यांच्या सोबतींत ती आलेली आहे, तेव्हां सोंगतीचा न्याय सोंदराकडेच झुकतो. आणि मग कवीची यादी ही यादी राहत नाहीं. पाणी काढण्याच्या साऱ्या मांडणीचा तो पुरा झाडा होतो. सगळें पंढरीनें व्यापलें आहे असें सांवत्यास म्हणावयाचें आहे. हें म्हणण्याचा अधिकार ज्याला बारीक दोराचाही विसर पडला नाहीं, त्याला. आमच्या टीपेनें त्या दोराची किंमत शून्य करून टाकली होती, आणि त्याबरोबर कवीच्या विधानाचीही.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. याच अभंगांत मिरचीचा उल्लेख येतो. मिरची मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं, आणि सांवता माळी समाधिस्थ झाला तो १२९५ सालीं. तेव्हां एक तर अभंग पुढच्या काळांतला असला पाहिजे, किंवा मुळांतील मिऱ्यासारखा एखादा शब्द गाणाऱ्यांच्या तोंडीं बदलला असला पाहिजे. पुष्कळ विद्वान अशा ठिकाणीं 'प्रक्षिप्त' असा शिक्का मारून मोकळे होतात. आम्हांस मात्र त्यांत परंपरेचा जिवंतपणा दिसतो. गाणाऱ्यांच्या परसांत मिरची आली, तशी ती अभंगांतही आली. मोटेला मात्र कोणी हात लावला नाहीं, कारण लावण्याचें कारण नव्हतें; शेंकडों वर्षें विहिरीवर मोटच होती. आज उलट झालें आहे. भाजीची टोपली जवळजवळ तीच, आणि पाण्याचें साधन समूळ बदललेलें. पण आतां अभंग छापले गेले आहेत. मोटेच्या जागीं पंप घालणारा कीर्तनकार अद्याप निपजलेला नाहीं, आणि निपजलाच तर त्याची वाट आम्ही प्राध्यापकच अडवूं. ज्यानें शब्द बदलण्याची मुभा काढून घेतली, त्यानें तो समजावून देण्याचें ओझें उचलावयास नको काय?

सांवत्याबरोबरच्या इतर संतांचीही हीच अवस्था. नरहरि सोनारानें देहाला बागेसरी म्हटलें आहे. बागेसरी ही सोनाराची शेगडी. पण आजच्या सुशिक्षित घरांत हा शब्द काढावा, तर ऐकणारा रात्रीचा राग समजून तंबोऱ्याकडे पाहील. गोरोबांच्या थापटण्याची कथा सर्वांस माहीत आहे. थापटणें हातांत घेऊन पाहिलेले थोडे. मूस, ऐरण, चरक, माग, घाणा : संतांच्या उपमांचा जवळजवळ सारा कारखाना आज कुलुपबंद आहे, आणि किल्ल्या म्हणून आम्ही जे शब्दार्थ देतों, त्यांनीं कुलूप फिरत नाहीं.

परंतु ज्या एका अवजाराच्या विसरानें मराठी कवितेचें सर्वांत अधिक नुकसान झालें, तें जातें होय. ओवीचा जन्म जात्यावर झाला, असें आपण सारे म्हणतों, आणि पुरावा म्हणून सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'चा दाखला देतों. हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रांतील स्त्रिया ओवी गातात, असें त्यांत खरोखरच म्हटलें आहे. पण केव्हां गातात? तेथें शब्द कंडनाचा, म्हणजे कांडणाचा आहे, दळणाचा नव्हे. उखळ-मुसळ निराळें, जातें निराळें. मुसळ वर जातें आणि खालीं येतें, जातें गरगर फिरतें. एकाची लय आघाताची, दुसऱ्याची वर्तुळाची. दोन्ही कामें जिनें केलीं आहेत ती या दोहोंत कधीं गल्लत करणार नाहीं. आम्हीं दोन्ही केलेलीं नसल्यामुळें 'दळणकांडण' हा एकच शब्द आम्हांस पुरतो, आणि कित्येक लेखांत सोमेश्वराची ओवी बिनदिक्कत जात्यावर बसते. ओवी जात्यावर गाइली जात नसे, असें आमचें म्हणणें नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, जुन्या दाखल्यांत जें आहे तें वाचण्यापुरतीही ओळख आपल्यांत उरलेली नाहीं.

जनाबाईचें उदाहरण याहून महत्त्वाचें आहे. विठ्ठल जनीला दळूं लागतो, ही गोष्ट मराठी घरांतील लहान मुलासही ठाऊक. दिनदर्शिकांवर ती चित्रित झाली आहे, आणि पंढरपूराजवळ गोपाळपुरास जनाबाईचें जातें आजही दाखवितात. आजचा वाचक ही गोष्ट चमत्कार म्हणून वाचतो : देव आला आणि त्यानें दळावयास सुरुवात केली. पण मराठींत 'दळूं लागणें' याचा अर्थ दळण्यास आरंभ करणें एवढाच नाहीं. 'आईला काम करूं लाग' असें आमच्या लहानपणीं घरोघर ऐकूं येई. तेथें लागणें म्हणजे हातभार लावणें. जात्याला खुंटा एक, पण त्याला हात दोघींचे. दोघी समोरासमोर बसतात; एकीची ओढ संपते तेथें दुसरीची सुरू होते. एकटीनें दळावयाचें म्हटलें तर उजवा हात खुंट्याला, डाव्यानें वैरण घालावयाची, आणि सबंध फेरा आपल्याच खांद्यानें ओढावयाचा. जनी दासी होती. नामदेवाच्या घरच्या मोठ्या परिवाराचें दळण तिच्याकडे. समोर बसावयास सासू नाहीं, जाऊ नाहीं, नणंद नाहीं. जात्यासमोरची ती रिकामी जागा ज्यानें पाहिली आहे, त्याला हा अभंग चमत्काराचा वाटणार नाहीं. देव येतो आणि त्या जागेवर बसतो. जनीचें काम तो करून टाकीत नाहीं; अर्धा फेरा ओढतो. बरोबरीच्या बाईचें काम तो करतो, आणि जनीच्या भक्तीची जी सलगी आहे, ती सारी या बरोबरींतून आलेली आहे. 'लागणें' या क्रियापदाचा एक अर्थ गळाला, आणि त्याबरोबर मराठी भक्तिकाव्यांतील एक अत्यंत कोमल कल्पना कॅलेंडराच्या चित्रापुरती उरली.

आमची स्वतःची जात्याची ओळख अर्धवटच आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. आजीच्या समोर बसून आम्हीं लहानपणीं खुंटा धरला आहे, पण तो खेळ म्हणून. आमच्या ओढीनें फेऱ्याला वेग येण्याऐवजीं अडथळाच होत असेल. आईच्या हयातींत गिरणी आली होती, आणि जातें फक्त डाळ भरडण्यापुरतें खालीं उतरे. आमच्या मुलांनीं तें पाहिलें तें लग्नांत.

अशाच एका लग्नांतील गोष्ट. पुण्यांत आमच्या पुतणीचें कार्य होतें. हळद दळण्याच्या विधीसाठीं मांडववाल्यानेंच एक लहानसें रंगविलेलें जातें आणून दिलें होतें. पांच सुवासिनींनीं खुंट्याला हात लावला, हळकुंडें दोनचार टाकलीं, आणि जातें फिरूं लागलें. छायाचित्रकारानें पुन्हां फिरवा म्हणून सांगितलें, म्हणून पुन्हां फिरलें. इतक्यांत ऐंशी उलटलेल्या आमच्या आत्याबाई खुर्चीवरून मोठ्यानें ओरडल्या, "अग बंद करा! रिकामं जातं ओढूं नये, दगड दगडाला खातो." सगळ्या दचकल्या. कोणाला वाटलें, हा कांहीं अपशकुन असावा. वस्तुतः त्यांत शकुनाचा कांहींच भाग नव्हता. टांकी लावलेले दोन दगड मध्यें धान्य नसतां एकमेकांवर घांसले कीं त्यांचा चुरा पिठांत येतो आणि टांकी बोथट होते, एवढाच अर्थ. कोणीतरी मूठभर तांदूळ आणून टाकले. आत्याबाई खालीं बसल्या. त्यांना ओवी म्हणावयाचा आग्रह आधींच झाला होता, आणि आठवत नाहीं म्हणून त्यांनीं तो मोडून काढला होता. आतां खुंटा हातीं येऊन दोनतीन फेरे झाल्यावर त्या आपण होऊनच गाऊं लागल्या, आणि एकीमागून एक अशा दहाबारा ओव्या म्हणून गेल्या. हात थांबला तशी ओवीही थांबली. पुढची काय म्हणून विचारलें, तर त्यांनीं गोंधळून आमच्याकडे पाहिलें.

साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन'मध्यें ओव्यांचा मोठा संग्रह केला. पुढें १९८० नंतरच्या काळांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखांवर ओव्या मिळविल्या, आणि त्यांतील पुष्कळशा आज कोणालाही वाचतां व ऐकतां येतात. या कामाची थोरवी सांगावी तितकी थोडी. पण छापील ओवी वाचतांना हें विसरतां येत नाहीं कीं, कागदावर ती दोन ओळींची दिसते, आणि जात्यावर तिला फेऱ्यागणिक वळसे, पालट व विसांवे असतात. जेथें श्वास घ्यावयाचा तेथें शब्द परत येतो. समीक्षकाला तो शब्द पाल्हाळ वाटतो.

आतां कोणी म्हणेल कीं, हें सगळें गतकालाचें गोडवे गाणें झालें. तसा आमचा हेतु नाहीं, आणि तसें करण्याची लाज वाटावी इतकें त्या ओव्यांतच भरलेलें आहे. जोंधळ्या-बाजरीचें पीठ फार दिवस टिकत नाहीं, शिळ्या पिठाची भाकरी थापतां येत नाहीं. म्हणून पहांटे उठून रोजचें दळण रोज. त्या श्रमांनीं बायकांचे खांदे गेले, आणि तें त्यांनीं गाऊन ठेवलें आहे. पिठाची गिरणी आली त्या दिवशीं कोणा बाईनें अश्रु ढाळल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जात्याचा महिमा गाणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांतही आमच्यासारखे पुस्तकी. इंग्लंडांतही असेंच घडलें. जॉर्ज स्टर्ट यानें १८८४ पासून आपला घराण्याचा गाड्यांची चाकें करण्याचा कारखाना चालविला, आणि १९२३ त त्या धंद्यावर एक अप्रतिम पुस्तक लिहिलें. लीव्हिस आणि टॉम्सन या टीकाकारांनीं १९३३ त त्याच पुस्तकाच्या आधारें गेलेल्या संस्कृतीचा केवढा तरी शोक केला. स्टर्टला लाकडाचा कोणता तुकडा चिरतांना फुटेल हें ठाऊक होतें. टीकाकारांना स्टर्टचें पुस्तक ठाऊक होतें. आमच्याकडील 'श्रमसंस्कृति'वरचे कित्येक निबंध वाचतांना हा फरक आठवतो.

शिवाय हा विसर केवळ मोटेचा व जात्याचा नाहीं. विसाव्या शतकांतील मराठी कथा-कादंबऱ्यांतून दारांत तार येते आणि ती फोडण्यापूर्वींच घरांत हुंदके सुरू होतात. आमच्या पिढीला याचें स्पष्टीकरण लागत नाहीं. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली, आणि आजचा विद्यार्थी विचारतो कीं, वाचल्यावांचून त्यांना कळलें कसें? सामान्य घरांत तार ही मृत्यूचीच येई, हें सांगितल्यावर तो गप्प होतो. मात्र कथेचा तो क्षण तोंवर निघून गेलेला असतो. मोडीचें तेवढें बरें आहे. ती शाळांतून गेली तरी तिचे वर्ग अद्याप चालतात, कारण जुन्या जमिनींचे कागद तिच्यांत आहेत. सोंदराशीं कोणाचा सातबारा अडलेला नाहीं.

टीपा लिहिणाऱ्यानें शब्दाला प्रतिशब्द देऊन थांबूं नये, अवजार चालतें कसें तें सांगावें, एवढें आम्ही त्या कार्डापासून शिकलों. आमच्या वेंच्यांची नवी आवृत्ति निघावयाची ठरली, तेव्हां आम्हीं मोटेवरची टीप पुन्हां लिहिली. ती तेरा ओळींची झाली. एका शब्दास एकच ओळ, असा प्रकाशकांचा दंडक आहे. पुष्कळ बोलणें झाल्यावर त्यांनीं मार्ग काढला कीं, टीप आहे तेवढीच ठेवावी आणि शेजारीं मोटेचें चित्र द्यावें. आम्हांसही तें पटलें. गेल्या आठवड्यांत चित्र पाहण्यासाठीं आलें. बैल सुरेख काढले आहेत, विहीर बांधीव आहे, डोक्याला मुंडासें गुंडाळलेला मोटकरीही हुबेहूब आहे. दोर मात्र एकच आहे. तें आम्हीं परत पाठविलें आहे.